बोअरच्या पाण्यावर सोलर हीटर: घेण्याआधी, बसवताना आणि नंतर काय काय बघायचं

आमच्या बोअरचं पाणी पातेल्यात चार वेळा उकळलं की बुडाला पांढरा थर धरतो, चमच्याने खरवडला तर पापुद्रे निघतात. परभणी, जालना, बीड, लातूर, कुठंही जा, बोअरवर चालणाऱ्या घरात हे दिसतंच. हाच थर सोलर हीटरची वाट लावतो आणि दुकानात गेलं की याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, तिथं सगळी चर्चा किती लिटर, किती वर्षं वॉरंटी अन् किती डिस्काउंट यावरच. म्हणून हे लिहितोय. आपल्या भागात सोलर घ्यायचा तर आधी पाणी बघायचं, मग बाकी सगळं.

आमचा पहिला सोलर होता तो तांब्याच्या पाइपांचा, वर सपाट काच असलेला पेटीवाला. पहिलं वर्ष एकदम झकास, दुसऱ्या हिवाळ्यात पाणी कोमट यायला लागलं, तिसऱ्या हिवाळ्यात तर आईने परत बंब काढला अन् तुराट्या पेटवायला सुरुवात केली. ज्याने बसवून दिला तो म्हणे ऊन कमी पडतंय. मराठवाड्यात डिसेंबरात ऊन कमी! शेवटी ओळखीच्या प्लंबरने पेटी खोलून तांब्याचा एक पाइप कापला. बोटभर जाडीचा पाइप, अन् आत पेन्सिलीतलं शिसं जाईल एवढंच भोक उरलेलं, बाकी सगळा चुनखडीसारखा पांढरा दगड. तो तुकडा मी अजून जपून ठेवलाय, कोणी सोलरचं विचारायला आलं की आधी तो हातात देतो.

पाणी कसं तपासायचं

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर पाण्याच्या बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा छोटा किस टाका अन् जोरात हलवा. भरपूर फेस आला अन् टिकला तर पाणी मऊ, फेस न येता वर दह्यासारखी साय फुटली तर पाणी जड. डाळ शिजायला उशीर लागतो, नळाच्या तोटीला पांढरं धरतं, गीझरची कॉइल दोन वर्षांत जाते, या सगळ्या त्याच गोष्टीच्या खुणा.

पण हजारो रुपये घालायचेत तर एकदा लॅबमधून आकडा काढूनच घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, तिथं पाणी तपासून मिळतं. रिपोर्टमध्ये 'एकूण काठिण्य', म्हणजे पाण्याचा जडपणा, हा आकडा बघायचा, टीडीएस नाही. लोक ते पेनसारखं टीडीएस मीटर बुडवतात अन् त्यावर ठरवतात, पण टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच, त्यात मीठही आलं, अन् थर धरतो तो मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्य लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं अन् दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं धरलंय. सोलरसाठी माझा हिशोब सोपा आहे. दीडशे-दोनशेच्या आत असेल तर कुठलाही सोलर घ्या. त्याच्या वर असेल तर तांब्याच्या पाइपात थेट पाणी जाणारा सोलर घेऊ नका, कितीही स्वस्त देत असले तरी.

रिपोर्टमध्ये क्लोराइडचाही आकडा असतो, तोही बघून ठेवा. पाणी चवीला खारट असेल तर साधी ३०४ ग्रेडची स्टीलची टाकी वेल्डिंगच्या जागी बारीक भोकं पडून गळते, तिथं ३१६एल ग्रेड किंवा आतून ग्लास कोटिंग असलेली टाकी लागते. कोटिंगवाल्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती स्वतः झिजते अन् टाकीचा पत्रा वाचवते, म्हणून ती दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. घेतानाच विचारा कांडी कुठंय अन् कशी निघते, दुकानदाराला सांगता आलं नाही तर त्याला बसवताही येणार नाही.

नळ्यांचा की पेटीचा

बाजारात मुख्य दोन जाती. एक ती पेटीवाली, आत काळा पत्रा अन् तांब्याचे पाइप. दुसरी काचेच्या नळ्यांची, जी आता बहुतेक गच्च्यांवर दिसते.

ही काचेची नळी मला खरंच भारी वाटते. एकात एक अशा दोन नळ्या, मधली हवा काढून टाकलेली, आपल्या थर्मासचंच तत्त्व. आतल्या नळीवर काळसर लेप असतो, तो ऊन पितो, अन् मधे हवाच नसल्यामुळे उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. दुपारी दोन वाजता आतलं पाणी हात भाजेल एवढं असतं अन् बाहेरून नळीला हात लावला तर गार. नळीच्या खालच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग दिसतो, तो बेरियमचा असतो अन् नळीतली उरलीसुरली हवा तो धरून ठेवतो. तो डाग दुधासारखा पांढरा पडला की समजायचं नळीत हवा शिरली, नळी मेली. ती नळी बाहेरून गरम लागते, कारण उष्णता तिथूनच उडून जातेय. नवा सोलर घेताना प्रत्येक नळीचं बूड असं बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

जड पाण्याला नळ्याच बऱ्या, याचं कारण असं की पाण्याला जायला वाट मोठी असते, अन् चुना जमला तरी तो गाळासारखा नळीच्या बुडाशी बसतो अन् नळी काढून धुता येते. तांब्याच्या पाइपाचं तसं नाही, तो आतून बंद झाला की बदलायचाच. पेटीवालाच घ्यायचा असेल, म्हणजे वानरांचा किंवा गारांचा फारच त्रास असेल तर, हीट एक्स्चेंजरवाला घ्या, त्यात पेटीतून वेगळंच स्वच्छ पाणी फिरत राहतं अन् ते टाकीतल्या आपल्या पाण्याला बाहेरून तापवतं. महाग पडतो, पण पेटी तरी चोंदत नाही.

घेताना आयएसआय मार्क बघा. पेटीवाल्याचं मानक आयएस १२९३३, नळीवाल्याचं आयएस १६५४४. अन् बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर वॉटर हीटरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, कोणी अजून जुना दर लावत असेल तर तिथंच बोला. केंद्राची सबसिडी मात्र या हीटरला आता नाही, ती बंद झाली. "सबसिडी मिळवून देतो, आधी ॲडव्हान्स भरा" असं कोणी म्हणत असेल तर तो बहुतेक वीज तयार करणाऱ्या सोलर पॅनलची सबसिडी अन् हीटर यांची गल्लत करतोय किंवा फसवतोय.

किती लिटरचा घ्यायचा

आपल्याकडे बहुतेक घरात बादलीनेच अंघोळ. एका माणसाला २० लिटरची एक बादली धरा. सोलरमधून ६० अंशांचं पाणी आलं अन् टाकीतलं गार पाणी २० अंशांचं असलं तर निम्मं-निम्मं मिसळून ४० अंशांचं होतं, म्हणजे माणशी १० लिटर गरम पाणी. कडाक्याच्या थंडीत गार पाणी १२ अंशांवर जातं अन् सोलर ५० पर्यंतच तापतो, तेव्हा माणशी १५ लिटर लागतं. म्हणजे पाच माणसांना ७५ लिटर. त्यामुळे चार-पाच जणांच्या घराला १०० लिटर भरपूर झालं. शॉवर असेल, पाहुणा-रावळा बक्कळ असेल किंवा घरात आठ-दहा माणसं असतील तर २००. उगं मोठा घेतला तर पाणी पूर्ण तापत नाही असं नाही, पण उन्हाळ्यात तो उकळत बसतो अन् जेवढं जास्त उकळणार तेवढा जास्त चुना.

शंभर लिटरला ५८ मिलिमीटर जाड अन् १८०० मिलिमीटर लांब अशा साधारण दहा नळ्या असतात. कोणी त्याच किमतीत १०० लिटरच्या टाकीला आठच नळ्या लावून देत असेल तर हिवाळ्यात पाणी तापायचं नाही. नळ्या स्वतः मोजा.

टाकीत मात्र पैसे वाचवू नका, कारण खरी गोष्ट उष्णता धरून ठेवण्यात आहे. टाकीच्या दोन पत्र्यांच्या मधे पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, भरलेला असतो, तो किमान ५० मिलिमीटर जाड असावा. चांगल्या टाकीत रात्रभरात पाणी पाच-सात अंशांनीच उतरतं. तिकडे फिनलंडमध्ये तर लोकांनी वाळूत उष्णता साठवलीय, २०२२ मध्ये कांकानपा नावाच्या गावात १०० टन वाळूचा एक मोठा पोलादी ड्रम बसवला, जास्तीच्या विजेवर वाळू पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवायची अन् थंडीत तीच उष्णता घरं गरम करायला वापरायची. २०२५ मध्ये पोर्नाइनेन गावात २००० टन दगडाच्या चुऱ्याचा त्याहून मोठा झाला. आपल्या गच्चीवरची टाकी हे तेच काम छोट्या प्रमाणात, अन् तेही वीज न लावता करते.

आधी वजनाचा विचार

हे फार लोक विसरतात. नळीत प्रत्येकी पावणेतीन लिटर पाणी मावतं. १०० लिटरची टाकी, दहा नळ्या, स्टँड असं सगळं धरून भरल्यावर पावणेदोनशे ते दोनशे किलो होतं, अन् २०० लिटरवाला साडेतीनशेच्या आसपास, अन् त्याला पाणी द्यायला जी काळी टाकी वर चढवायची तिचं पाचशे-हजार किलो वेगळंच.

स्लॅब असेल तर चिंता नाही, फक्त स्टँडचे पाय भिंतीच्या किंवा बीमच्या वर येतील असं बघा. पण माळवदाचं, म्हणजे लाकडावर मातीचं जड छत असलेलं घर असेल तर त्याच्यावर काहीच चढवू नका. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, ज्यांनी बघितला त्यांना जड छत म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. माळवदाच्या अन् पत्र्याच्या घराला अंगणात लोखंडी अँगलचा वेगळा मनोरा करून घ्या, पायथ्याला काँक्रीट टाकून, अन् सोलर त्याच्यावर. माझ्या मामाकडे असाच आहे, खाली मनोऱ्याच्या सावलीत शेळ्या बसतात, वर सोलर.

जागा, दिशा, सावली

नळ्यांचं तोंड दक्षिणेला. होकायंत्र मोबाईलमध्ये असतं, पण ते लोखंडी स्टँडजवळ धरू नका, चुकीचं दाखवतं. आपण साधारण १८ ते २० अक्षांशांच्या मधे राहतो, हिवाळ्यात जास्त ऊन हवं म्हणून त्यात १५ मिळवायचे, म्हणजे ३३ ते ३५ अंशांचा उतार. तयार स्टँडचा कोन ठरलेलाच असतो, पाच-सात अंश इकडेतिकडे झाले तर फरक पडत नाही.

सावलीने मात्र फरक पडतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्याकडे ४७ अंशांवरच असतो, म्हणजे चार फुटी कठड्याची सावली दुपारी पावणेचार फूट अन् सकाळी नऊला त्याच्या दुपटीहून जास्त लांब. दक्षिणेच्या, अन् पूर्व-पश्चिमेच्या अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब बसवा. उन्हाळ्यात जागा ठरवली अन् हिवाळ्यात शेजारच्या लिंबाची सावली आली, असं पुष्कळदा होतं.

पाइपलाइन, इथंच सगळ्यात जास्त चुका होतात

पंपाशिवाय हे यंत्र चालतं ते एकाच गोष्टीवर, गरम पाणी हलकं होऊन वर चढतं अन् गार जड पाणी खाली उतरतं. १८९१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने पहिल्यांदा सोलर हीटर पेटंट करून विकायला काढला तेव्हा ती नुसती काळ्या रंगाच्या टाक्यांची काचबंद पेटी होती, टाकी वर अन् तापणारा भाग खाली ही युक्ती नंतर आली, अन् आज आपल्या गच्चीवर तीच चालते.

गार पाण्याच्या टाकीचं बूड सोलरच्या टाकीच्या डोक्यापेक्षा निदान फूटभर वर पाहिजे, म्हणजे बहुतेक ठिकाणी काळी टाकी स्लॅबपासून सात फुटांवर चढवावी लागते. हे जमत नसेल अन् घरात प्रेशर पंप असेल तर दुकानदाराला आधीच सांगून प्रेशरची टाकी घ्या, साधी टाकी पंपाच्या दाबाने फुगते.

सोलरच्या टाकीवरून एक उभा पाइप आकाशाकडे उघडा ठेवलेला असतो, त्याला व्हेंट म्हणतात. त्याचं तोंड गार टाकीच्या पाण्याच्या पातळीच्याही वर, निदान फूटभर. तो कधीही बंद करायचा नाही, त्याला व्हॉल्व लावायचा नाही, चिमण्या शिरतात म्हणून बूच मारायचं नाही, फारच वाटलं तर वरून वाकवून जाळी लावा. वाफ निघायला तीच वाट आहे. ती बंद झाली तर टाकी फुटते.

सोलरला जाणारं गार पाणी अन् बाथरूमच्या मिक्सरचं गार पाणी एकाच टाकीतून घ्या. बाथरूमचं पाणी दुसऱ्या, उंच टाकीतून आलं तर ते गरम पाण्याला मागं दाबतं अन् तोटीतून गारच येतं. लोक म्हणतात सोलर खराब, अन् सोलरला काही झालेलंच नसतं.

गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा, जितका आखूड तितका चांगला. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी मावतं, २० मीटर लांब असला तर सकाळी पहिलं पाच लिटर गार पाणी वाहून जाणार, तेव्हा कुठं गरम येणार. जिथं २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या भागात रोज पाच लिटर मोरीत सोडणं जिवावर येतं. एकाच बाथरूमला जाणारा पाइप अर्धा इंची ठेवा, पाणी निम्मं लागतं. अन् ते पहिलं पाणी बादलीत धरा, आमच्याकडे ते तुळशीला अन् भांड्यांना जातं. पाइपावर काळा फोम चढवतात तो उघड्यावर दोन उन्हाळ्यांत भुगा होतो, त्यावर ॲल्युमिनियमचा टेप गुंडाळून घ्या.

ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल बसवून मिळते. तिला वेगळी एमसीबी (जास्त वीज ओढली की पडणारा स्विच), व्यवस्थित अर्थिंग अन् ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच लाइन तोडणारा स्विच) पाहिजेच, यात काटकसर नको. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत बादलीत रॉड टाकतात, त्या रॉडचं बटन बंद करून, प्लग काढून मगच पाण्यात हात, लेकरांना तर तिथं फिरकूच देऊ नका. गॅस गीझर असेल तर खिडकी उघडी ठेवा, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद बाथरूममध्ये माणसं बेशुद्ध पडून गेलीत.

नळाला आठ दिवसांनी पाणी येतं तेव्हा

हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, अन् आपल्याकडे सगळ्यात जास्त नळ्या यानेच फुटतात. मे महिना, गार टाकी दोन दिवसांपासून रिकामी, त्यामुळे सोलरमध्येही पाणी नाही, अन् कोरड्या नळ्या उन्हात दीडशे-दोनशे अंशांवर तापलेल्या. दुपारी एकला टँकर आला, मोटर लावली, गार पाणी धाडकन नळीत गेलं. आमच्याकडे असंच झालं होतं, फटाके फुटल्यासारखे आवाज आले अन् एका मिनिटात चार नळ्या गेल्या, वर जाऊन बघतो तर गच्चीभर काचा.

म्हणून नियम असा. सोलरच्या गार पाण्याच्या लाइनला स्वतंत्र व्हॉल्व ठेवा, अन् तो हाताशी येईल असा, म्हणजे शिडी लावायची वेळ येऊ नये. टाकी रिकामी झाली की लगेच तो बंद करायचा. पाणी आलं तरी सूर्य मावळून दोन-तीन तास झाल्यावर, किंवा पहाटे सूर्य उगवायच्या आधी उघडायचा. घाईच असेल तर नळ्यांवर चादर टाका, पण त्या निवायला निदान तीन-चार तास द्यावेच लागतात. गावाला जाताना मात्र टाकी भरून, व्हॉल्व उघडा ठेवून अन् नळ्या झाकून जा.

उन्हाळ्यात तसंही एवढं गरम पाणी कोणाला लागतंय, मार्च सरला की निम्म्या नळ्यांवर हिरवी शेडनेट किंवा जुनं धोतर बांधून टाका. पाणी उकळत नाही अन् चुनाही कमी धरतो.

गारांचं सांगायचं तर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात जी गारपीट झाली ती आठवते ना, गहू-हरभरा झोपला अन् द्राक्षबागा गेल्या. छोट्या गारा नळ्या सहन करतात, लिंबाएवढ्या नाही. स्टँडवर दीड इंची जाळीची चौकट बिजागरीवर करून ठेवा, वानरांनाही तीच कामाला येते.

वर्षातून एकदा धुणं

काठिण्य तीनशेच्या पुढं असेल तर वर्षातून एकदा, पाचशेच्या पुढं असेल तर दोनदा. चुना पाणी साठ अंशांच्या पुढं गेलं की भराभर बसतो, म्हणून उन्हाळा सरल्यावर धुवायला सगळ्यात जास्त गाळ मिळतो. मी कोजागरीच्या आसपास करतो, म्हणजे दिवाळीला सोलर तयार.

पहाटे सगळं गरम पाणी बादल्यांत काढून घ्या. गार व्हॉल्व बंद. टाकीखालचा ड्रेन उघडून टाकी रिकामी करा, पण नळ्यांत पाणी राहतंच अन् ते अजून तापलेलं असतं, म्हणून हातमोजे अन् पूर्ण बाह्या. नळी जिथं टाकीत शिरते तिथल्या रबरावर साबणाचं पाणी सोडा, खालचा प्लॅस्टिकचा कप सैल करा अन् नळी हलक्या हाताने फिरवत फिरवत खाली ओढा, झटका द्यायचा नाही. एकाने वरचं धरायचं, एकाने खालचं, एकट्याने करू नका. पहिल्या नळीतून जो पांढरा चिखल बाहेर येतो तो बघून माणूस हबकतोच.

लिंबूसत्व किराणा दुकानात किलोवर मिळतं. एका लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम विरघळवून नळीत भरा अन् दोन-तीन तास उभी ठेवा, फसफस थांबली की लांब दांड्याच्या मऊ ब्रशने घासून धुवून टाका. टाकीसाठी १०० लिटर पाण्याला दोन-अडीच किलो, रात्रभर ठेवायची गरज नाही, चार तास पुष्कळ, मग दोनदा साध्या पाण्याने खळबळून काढा. फरशीचं ॲसिड मात्र टाकीत ओतू नका. काही जण स्वस्तात पटकन होतं म्हणून तेच ओततात अन् सहा महिन्यांत स्टीलला भोकं पडतात. परत लावताना रबराला पुन्हा साबण लावायचा, तेल-ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. ऊन पडायच्या आत पाणी भरून घ्या.

नळ्यांवरची धूळही महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, आपल्याकडे खळ्या-मळ्याच्या दिवसांत तर आठवड्यातून. सकाळी पुसा, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

मग छतावर पॅनल टाकून गीझरच का नको

बरोबर प्रश्न आहे अन् काही घरांना उत्तर 'हो' असंच आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तिच्यात घरगुती पॅनलला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तीन किंवा जास्त किलोवॅटला जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान आहे. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी गच्ची लागते अन् दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साडेचार-पावणेपाच युनिट लागतात. म्हणजे नळ्यांचा सोलर वीस चौरस फुटांत जे काम करतो त्यालाच पॅनल शंभरावर जागा घेतात. दुसऱ्या बाजूने, पॅनलला जड पाण्याचा त्रास नाही, अन् उन्हाळ्यात गरम पाणी नको असतं तेव्हा तीच वीज कूलरला येते. गीझरला चुना धरतोच, पण तिथं फक्त कॉइल बदलावी लागते.

माझं मत विचाराल तर काठिण्य सहाशेच्या पुढं, मोठी गच्ची, अन् महिन्याला दोनशेच्या वर युनिट जळत असतील तर पॅनल घ्या. लहान घर, कमी बिल, चार-पाच माणसं असतील तर नळ्यांचाच सोलर, १५-२० हजारांच्या आसपास काम होतं. रॉडवर एक बादली तापवायला साधारण ०.६ युनिट जातं, पाच बादल्यांना रोज तीन, महिन्याला नव्वद. अन् घरगुती दराचे टप्पे १००, ३००, ५०० असे आहेत, त्यामुळे हे नव्वद युनिट नेमके वरच्या महाग टप्प्यातले वाचतात, सरासरी दराने हिशोब केला तर बचत कमी दिसते, खरी जास्त असते. वसतिगृह किंवा दवाखाना असेल तर हीट पंपाचाही, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राचाही, विचार करा, नॉर्वे-फिनलंडकडे लोक त्यावर घरं गरम करतात, एका युनिटात तीन युनिटांएवढी उष्णता मिळते, अन् आपली थंडी तर त्याला काहीच नाही. इस्राएलने १९८० पासून नव्या घरांना सोलर हीटर सक्तीचाच केला. फुकट गरम पाणी हवं तर आपल्याकडे किनवट तालुक्यात उनकेश्वरला जमिनीतूनच येतं, पण ते तिथंच जाऊन अंगावर घ्यावं लागतं.

दिवाळीची पहाट

नरक चतुर्दशीला घरात बारा माणसं, सगळ्यांना अंधारात अंघोळ, अन् टाकी शंभर लिटरची. आदल्या दिवशी दुपारी बारानंतर गरम पाण्याची तोटी उघडायचीच नाही, भांडी अन् कपडे गार पाण्यात, कारण जेवढं गरम काढाल तेवढं गार आत येतं अन् त्याला तापायला ऊन उरत नाही. तोटी सुरू करून बादली भरत बसू नका, आधी बादलीत गार पाणी मोजून घ्या अन् वरून गरम, उलटं केलं की गरम जास्त जातं. लहान लेकरं अन् म्हातारी माणसं पहिल्या नंबरला. आठव्या बादलीनंतर पाणी उतरायला लागतं, तेव्हा कॉइलचं बटन लावा, किंवा आमच्याकडे करतात तसं, अंगणात आईचा बंब पेटलेला असतोच.